ऑटोमॅटिक गाडीतला ‘एम’ कशासाठी? घाट उतरण्याआधी शिकून घ्या

ईद असो, मे महिन्याची सुट्टी असो की गावातलं लग्न, मुंब्रा, कुर्ला, मीरा रोडहून कोकणाकडे निघणाऱ्या आपल्या कुटुंबांकडे आता ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसतात. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी गिअरबॉक्स आणला आणि क्लच नसलेली गाडी सामान्य घराच्या आवाक्यात आली. घरातल्या मुली, सुना याच गाडीवर शिकल्या. आखातात वर्षानुवर्षं ऑटोमॅटिक चालवून परतलेल्यांनीही तीच घेतली.

पण बहुतेकांचा गिअरचा दांडा ‘डी’वरून हलत नाही. शेजारी ‘एम’ लिहिलेलं असतं, + आणि − अशा खुणा असतात, पण त्या कशासाठी हे शोरूममध्ये धड कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. शहरात त्यावाचून अडतही नाही. अडतं ते घाटात, आणि तेही चढताना कमी, उतरताना जास्त.

डी आणि एम यांत फरक काय?

‘डी’मध्ये कोणता गिअर टाकायचा हे गाडी ठरवते. वेग आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पाहून ती अंदाज बांधते. ‘एम’ म्हणजे मॅन्युअल. यात गिअर आपण सांगतो, क्लचचं काम गाडीच करते. + केलं की वरचा गिअर, − केलं की खालचा. काही गाड्यांत हेच काम स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्यांनी, म्हणजे पॅडल शिफ्टरने होतं.

‘डी’ची अडचण अशी की पुढचा रस्ता तिला दिसत नाही. उतारावर आपण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. अनेक गाड्या त्याचा अर्थ ‘आता ताकद नको’ असा घेतात आणि वरचा गिअर टाकतात. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसं धरत नाही. गाडी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

ब्रेक दगा का देतात?

हिशेब सोपा आहे. माणसं आणि सामान धरून दीड टनाची गाडी सहाशे मीटर खाली उतरली, तर ती सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत सुमारे २५ लिटर पाणी उकळेल! फक्त ब्रेक दाबत उतरलो, तर यातली बहुतेक उष्णता चाकांतल्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते.

तापलेल्या ब्रेक पॅडची पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबलं तरी पाय नुसता आत जातो. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

जुने ट्रकवाले म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. यालाच इंजिन ब्रेकिंग म्हणतात. ‘ऑटोमॅटिक घाटात नको रे बाबा’ असं घरातले वडीलधारे म्हणतात, त्यांच्या बोलण्यातलं खरं इतकंच. ऑटोमॅटिकमध्येही हे करता येतं, फक्त ‘एम’ वापरावा लागतो.

आपल्या गाडीत काय आहे ते आधी पाहा

एएमटी आणि इतर गिअरच्या ऑटोमॅटिक गाड्यांत बहुधा ‘एम’ किंवा पॅडल असतात. सीव्हीटी गाडीत खरे वेगळे गिअर नसतात. तिथे ‘एल’, ‘एस’ किंवा ‘बी’ अशी खूण असू शकते. काही सीव्हीटींत ठरावीक टप्पे करून पॅडलही देतात. उतारावर काम तेच. इलेक्ट्रिक गाडीत हे काम रीजनरेशन करतं, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ते कमी पडतं. म्हणून घाटमाथ्यावरून पूर्ण चार्ज करून लगेच उतरू नका.

आणखी एक. + पुढे की मागे, हे प्रत्येक कंपनीत सारखं नसतं. भावाच्या गाडीत शिकलात म्हणून आपल्यातही तसंच असेल असं समजू नका. दांड्याजवळची खूण आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक, दोन्ही पाहून घ्या.

शिकायचं कसं?

पहिला धडा घाटात नको. सकाळी लवकर एखाद्या मोकळ्या, सरळ रस्त्यावर जा. सोबत गाडीची माहिती असलेलं कुणी तरी असू द्या.

१. ‘डी’मध्ये ताशी ४० किलोमीटरवर या. दांडा ‘एम’कडे घ्या. समोरच्या पडद्यावर चालू गिअरचा आकडा दिसेल. बहुतेक गाड्यांत यासाठी थांबावं लागत नाही.

२. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि एकदाच − करा. इंजिनाचा आवाज चढेल, गाडी आपोआप हळू होईल. हा आवाज बिघाडाचा नाही. पेट्रोल इंजिन तीन-साडेतीन हजार फेऱ्यांवर आरामात चालतं. काटा लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही, एवढंच.

३. परत + करा, मग पुन्हा −. हाताला सवय झाली की दांडा पुन्हा ‘डी’त आणा. चालत्या गाडीत ‘एन’ किंवा ‘आर’कडे हात जाता कामा नये.

४. दोन-चार दिवसांनी एखाद्या छोट्या उतारावर हेच करा. ब्रेक न लावता दुसऱ्या गिअरमध्ये गाडी किती वेगावर धरून राहते, ते बघा. तो वेग लक्षात ठेवा, घाटात हाच अंदाज कामी येतो.

चुकून फारच खालचा गिअर मागितला तर काय? आजकालच्या गाड्या तो टाकतच नाहीत, बीप वाजवून नकार देतात. वेग फार कमी झाला तर गाडी स्वतःहून खालचा गिअर घेते, त्यामुळे बंदही पडत नाही.

प्रत्यक्ष घाटात

काशेडीला आता बोगदा झालाय, पण चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरकडे आंबा आणि पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट आहेतच. उमराहला गेलेल्यांपैकी कुणी मक्का-ताईफ मार्गावरचा अल-हदाचा डोंगरी रस्ता पाहिला असेल, तर तिथेही नियम हाच.

उतार सुरू होण्याआधीच ‘एम’ घ्या. साधारण उताराला तिसरा, तीव्र उताराला आणि आवळ वळणाला दुसरा. गिअर वळणाआधी सरळ रस्त्यावर उतरवा, वळणात नाही. पावसात ओल्या रस्त्यावर तर याची जास्तच काळजी घ्या. तरीही वेग वाढला तर ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि पाय काढून घ्या. पाय सतत पेडलवर टेकवून ठेवू नका.

एक गोष्ट विसरू नका. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचा लाल दिवा लागत नाही. मागे गाडी चिकटलेली असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करा, म्हणजे त्याला कळेल.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर लगेच खालचा गिअर घ्या आणि रुंद जागा बघून थांबा. चाकाला दगड लावा. अर्धा तास तरी थंड होऊ द्या, वर पाणी ओतू नका. तापलेलं लोखंड एकदम थंड झालं तर वाकतं किंवा तडकतं. अनेक एएमटी गाड्यांत ‘पी’ नसतो. अशा गाडीत हँडब्रेक लावून, गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करायचं.

चढावर रांगेत अडकलात तर एएमटी गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेकवर थांबवा.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रल?

हा सल्ला आजही सर्रास मिळतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड पूर्ण सुटते. वर पेट्रोलही वाचत नाही. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून पाय काढला की इंधन जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

गिअरबॉक्स खराब होईल ही भीतीही नको. ‘एम’ त्यासाठीच दिलेला आहे. घरात दोन-तीन जण गाडी चालवत असतील तर सगळ्यांनाच हे शिकवा. लायसन्स नव्याने मिळालेल्या मुलीलाही आणि तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या मामूंनाही. गावी निघण्याच्या आठवडाभर आधी एक सकाळ त्यासाठी काढली तरी पुरे. घाटात मागच्या सीटवर आपली मुलं आणि अम्मी-अब्बा बसलेले असतात, तिथे पहिल्यांदा शिकायची वेळ येऊ नये.