आवड बदलते, बदलू द्या!

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या मराठी वाचकांनो, वयाबरोबर पुस्तकांची आवड बदलतेच. आपल्या सीमाभागात तर दोन भाषा हाताशी असल्याने ती फार छान वळणं घेते. माझी वाट अशी :

📚 कॉलेजात शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' (१९६७). नायक भव्यच हवा, असं तेव्हा वाटायचं.

📚 मग उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेले कन्नड कादंबरीकार भैरप्पा. त्यांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार आहे. भैरप्पांच्याच 'पर्व'मध्ये महाभारतातली माणसं थकतात, शंका घेतात. तिथला कर्ण आणि सावंतांचा कर्ण लागोपाठ वाचाच! त्यानंतर मला नायकापेक्षा माणूस जवळचा वाटू लागला.

📚 पुढे गिरीश कार्नाडांचं 'तलेदंड'. बसवण्णांच्या काळातलं कल्याण, म्हणजे आपलंच बसवकल्याण. नाटकानं मला इतिहासाकडे ओढलं.

📚 आता इतिहासच जास्त. कल्याणचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये स्वयंपाक, हत्ती, खेळ, संगीत सगळं आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही! वारसाहक्काच्या कायद्यात आजही नाव निघणारी विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' याच चालुक्यांच्या राज्यातली. बिदरचा महमूद गवानचा मदरसा १४७२चा, एकेकाळी ग्रंथसंग्रहासाठी नावाजलेला.

जुनी आवड सुटली म्हणून खंत नको. एक मराठी पुस्तक झालं की एक कन्नडमधून आलेलं घ्या. तुमची आवड कुठून कुठे गेली, नक्की सांगा.