पुरानंतरचे तारण : गृहकर्ज आणि वास्तूची फेरतपासणी

ज्या वास्तूच्या भरवशावर गृहकर्ज दिले जाते, ती वास्तू एका रात्रीत बदलू शकते; कर्जाचा करार मात्र जसाच्या तसा राहतो. पूर, भूकंप किंवा चक्रीवादळ यांनंतर तारण मालमत्तेची पुन्हा पाहणी करणे ही म्हणूनच कर्जव्यवहारातील एक स्वतंत्र आणि महत्त्वाची पायरी आहे. तिचा आधार, प्रकार, पद्धती आणि उपयोग यांचा परिचय सुरत शहराच्या संदर्भात करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत ती खानदेशातून वाहते. भुसावळजवळच्या हतनूर धरणातून सुटलेले पाणी पुढे गुजरातमधील उकाई धरणात येते. त्याच खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून होणारा विसर्ग सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत वाढवावा लागला. होप पुलापाशी धोक्याची पातळी ९.५ मीटर असताना पाणी १२ मीटरच्या वर चढले आणि शहराचा बहुतांश भाग जलमय झाला. नदीच्या पुराखेरीज शहरातून वाहणाऱ्या खाड्या तुंबून येणारा ‘खाडीपूर’ लिंबायतसारख्या भागांना वेगळा त्रास देतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र दूर कच्छमध्ये होते, तरी सुरतेतही बहुमजली इमारत कोसळून जीवितहानी झाली. एकाच शहरातील तारण घरांना पाणी आणि भूकंप या दोन्हींचा धोका आहे, तो असा.

तारणाचे मूल्य घटले तर काय, याचा विचार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात झालेला आहे. इमारत तारण असेल, तर तिचे मूल्य येणे रकमेपेक्षा निम्म्याने अधिक असल्याशिवाय तारण पुरेसे मानू नये, असे त्याचे कलम ६६ सांगते. म्हणजे २० लाखांच्या येणे रकमेसाठी घराची किंमत ३० लाखांहून अधिक हवी. कोणाचाही दोष नसताना मालमत्ता नष्ट झाली किंवा तारण अपुरे पडले, तर कलम ६८ नुसार धनको वाढीव तारण मागू शकतो. ऋणकोला त्यासाठी वाजवी संधी देऊनही ते मिळाले नाही, तर तो रकमेसाठी दावा करू शकतो. आजच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. त्यामुळे अलीकडे कर्ज घेतलेल्या घरात किंमत आणि कर्ज यांमधील अंतर मुळातच थोडे असते आणि साध्या हानीनेही ते संपू शकते.

या कठोर गणिताला रिझर्व्ह बँकेच्या आपत्तीविषयक निर्देशांनी मानवी बाजू दिली. आपत्तीने तारणाचे मूल्य घटले, एवढ्याच कारणावरून पुनर्रचित कर्जासाठी बँकांनी अतिरिक्त तारणाचा आग्रह धरू नये आणि तारणाची किंमत कर्जाहून कमी असली, तरी नवे साहाय्य देता यावे, अशी भूमिका २०१८ च्या निर्देशांत घेतलेली होती. पुनर्रचना आपत्तीपासून तीन महिन्यांत पूर्ण करण्याची अपेक्षाही त्यांत होती. या सवलतीसाठी हानी आपत्तीनेच झाली हे स्पष्ट असावे लागते, आणि वेळेत झालेली तपासणी तेच नोंदवते. ती केवळ बँकेच्या सोयीची नाही. कर्जदाराचा तो सर्वांत भक्कम पुरावा आहे.

कर्जाच्या अवस्थेनुसार या तपासणीचे तीन प्रकार करता येतात. पहिला, कर्ज मंजूर झाले पण रक्कम वितरित झालेली नाही. येथे जुना मूल्यांकन अहवाल आपत्तीपूर्वीच्या घराचा असल्यामुळे नवी पाहणी करूनच वितरण करणे शहाणपणाचे ठरते. दुसरा, बांधकाम चालू आहे. हप्ते बांधकामाच्या टप्प्यांशी जोडलेले असल्याने पुढचा हप्ता देण्यापूर्वी पाया आणि आधीचे काम शाबूत आहे का, हे पाहावे लागते. तिसरा, रक्कम पूर्ण दिलेली आहे आणि परतफेड सुरू आहे. येथे तपासणीचा उद्देश दुरुस्ती, विमा आणि पुनर्रचना हा असतो.

हानीच्या तीव्रतेनुसारही वर्गवारी होते. १९९८ च्या युरोपीय भूकंपतीव्रता मापनश्रेणीत इमारतीच्या हानीचे पाच स्तर आहेत: किरकोळ, मध्यम, लक्षणीय ते गंभीर, अतिगंभीर आणि संपूर्ण विनाश. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्येही घरांची नोंद ‘जी-१’ ते ‘जी-५’ अशा श्रेणींत झाली आणि साहाय्याची रक्कम श्रेणीशी जोडली गेली. ‘घर खराब झाले’ या मोघम विधानाला मोजता येणारे रूप देण्याचे काम ही वर्गवारी करते.

प्रत्यक्ष पाहणी तळापासून सुरू होते. सुरतेतील अनेक अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर पार्किंगसाठी मोकळे खांब असतात. भूकंपात हाच मजला सर्वांत दुबळा ठरू शकतो. अभियंता भिंतीवरील गाळाची रेषा मोजतो, पायाजवळची माती वाहून गेली आहे का ते पाहतो, ओळंबा लावून खांब कलला आहे का याची खात्री करतो. गिलाव्यातील केसासारखी भेग आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपी चढलेली भेग यांत तो फरक करतो. दुसरी भेग पाया असमान खचल्याची खूण असू शकते. मीटरची खोली, लिफ्टचा खड्डा आणि भूमिगत पाण्याची टाकी यांची वेगळी नोंद होते. शंका असल्यास काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता रिबाउंड हॅमरने, आतील पोकळी व भेगा श्राव्यातीत ध्वनिलहरींनी आणि प्रत्यक्ष ताकद काढलेल्या नमुन्यावरून तपासतात. आत शिरलेल्या ओलाव्याने सळईला चढणारा गंज काही महिन्यांनंतर दिसू लागतो. म्हणून पाणी ओसरताच एकदा आणि भिंती वाळल्यावर पुन्हा एकदा पाहणी करणे इष्ट.

पाहणी करणारेही वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न निराळा असतो. बँकेच्या यादीवरील मूल्यांकनकार आजची किंमत सांगतो. विमा सर्वेक्षक हानी किती आणि ती विमापत्रात बसते का, हे ठरवतो. संरचना अभियंता घर राहण्यास सुरक्षित आहे का, याचे उत्तर देतो. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का आणि गुजरातेत ‘बीयू परवानगी’ म्हणून ओळखले जाणारे वापराचे प्रमाणपत्र आहे का, हे महापालिकेच्या कागदांवरून कळते. एकाचा अहवाल दुसऱ्याची जागा घेत नाही. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित विमापत्रात पूर व भूकंप दोन्ही समाविष्ट आहेत. मात्र विमापत्रावर बँकेचे हितसंबंध नोंदवलेले असतील, तर भरपाई प्रथम बँकेकडे जाते. ती दुरुस्तीस वापरायची की कर्जात वळती करायची, हे लेखी ठरवून घ्यावे.

अमेरिकेत ही व्यवस्था अधिक एकसंध दिसते. राष्ट्राध्यक्षांनी आपत्तिग्रस्त घोषित केलेल्या भागातील घरासाठी संघीय गृहनिर्माण प्रशासनाचे विमासंरक्षण हवे असेल, तर हानी-तपासणी करणे आवश्यक असते. पूरप्रवण क्षेत्रांतील तारण घरांना पूरविमा सक्तीचा करणारा कायदा तेथे १९७३ मध्ये झाला. आपल्याकडे हाच विषय जुना कायदा, रिझर्व्ह बँकेचे निर्देश, विमापत्र आणि कर्जकरार यांत विभागलेला आहे. म्हणून सामान्य कर्जदाराला त्याचे एकत्रित ज्ञान असणे अधिकच गरजेचे आहे.

आपत्तीनंतरच्या तपासणीइतकेच महत्त्व कर्जापूर्वीच्या तपासणीला आहे. बँकांच्या कर्जातून होणारी बांधकामे आपत्तिरोधक असावीत यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती कर्जधोरणात व कागदपत्रांत समाविष्ट करावीत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे. तापीकाठी घर घेणाऱ्याने २००६ चे पाणी त्या इमारतीत कुठपर्यंत आले होते, हे विक्रेत्याला आणि मूल्यांकनकाराला विचारावे आणि उत्तर अहवालात लिहून घ्यावे. घरात राहायला गेल्यावर भिंतींची व खांबांची दिनांकासह छायाचित्रे काढावीत, मंजूर नकाशाची प्रत शहराबाहेरच्या नातेवाइकाकडे ठेवावी आणि दर वर्षी विमापत्राची विमा रक्कम बांधकामाच्या चालू खर्चाशी ताडून पाहावी. आपत्तीपूर्वीची अशी नोंद हाताशी असेल, तर नंतरच्या पाहणीत जुना दोष आणि नवी हानी यांचा निवाडा करणे सोपे जाते, आणि कर्जदाराला हक्काचे साहाय्य विनाविलंब मिळू शकते.