प्रोस्टेटचा फोटो स्वच्छ निघाला का?

शेतकरी बंधूंनो, माती परीक्षणाचा नमुना उकिरड्याजवळचा किंवा बांधावरचा घेऊ नका, असे आम्ही नेहमी सांगतो. नमुनाच चुकला, तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल काय कामाचा? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या प्रोस्टेटच्या एम.आर.आय. तपासणीचेही तसेच आहे.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात ती वाढते, रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. प्रत्येक वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण रक्तातले पी.एस.ए. जास्त निघाले, की डॉक्टर पुष्कळदा एम.आर.आय. सांगतात. चित्रात संशयाची जागा दिसली, तर सुई नेमकी तिथे घालून तुकडा काढता येतो. चित्रच धूसर असेल तर रोग नजरेतून सुटतो, नाही तर नसलेल्या रोगासाठी सुई टोचून घ्यावी लागते.

चित्र बिघडवणारे एक मोठे कारण ऐकून तुम्हांला हसू येईल. ते म्हणजे पोटातला वायू! ग्रंथीच्या अगदी मागे आतड्याचे शेवटचे टोक असते. तिथे वायू साठला, की पाण्याच्या कणांची हालचाल टिपणारे चित्र वेडेवाकडे येते. आणि कर्करोग ओळखताना मोठी भिस्त त्याच चित्रावर असते. म्हणून आत जाण्यापूर्वी शौचाला जाऊन यावे. केंद्राने एनिमा सांगितला तर लाजू नये. यंत्राचा खडखडाट मोठा असतो, तरी अर्धा तास निश्चल पडून राहावे.

आधी तुकडा काढला असेल तर तारीख सांगा. साकळलेले रक्त रोगासारखे दिसू शकते, म्हणून सहसा निदान सहा आठवडे थांबतात. धातूचा खुबा बसवलेला असेल तर तेही सांगा. पेसमेकर असेल किंवा वेल्डिंग करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर ते मुळीच लपवू नका. तिथे प्रश्न चित्राचा नाही, जिवाचा आणि डोळ्याचा आहे.

चित्राला गुण देण्याचीही पद्धत आहे. २०२० साली लंडनच्या तज्ज्ञांच्या पुढाकाराने ‘पाय-क्वाल’ नावाची १ ते ५ गुणांची पद्धत निघाली. २०२४ मध्ये ती सुधारून तीनच पायऱ्यांची केली. तेव्हा “डॉक्टरसाहेब, चित्र वाचण्याजोगे आले आहे ना?” असे खुशाल विचारा. अहवालाबरोबर चित्रांची सी.डी.ही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना नुसता कागद पुरत नाही.