वजन उतरते, कातडी मागे राहते

माणूस बारीक झाला की लोक आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. गाल बसलेले दिसतात. हनुवटीखाली कातडी लोंबते. बाजारात भेटणारा म्हणतो, "काय हो, आजारी होतात का?" घरात सासू म्हणते, "सून पार उतरली. हिला काहीतरी झालंय." शेजारणी कुजबुजतात. आता बघा, हा माणूस डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज चाललेला असतो. जिभेला आवर घालून त्याने दहा-बारा किलो वजन उतरवलेले असते. पण लोकांच्या या बोलण्याने तो घाबरतो. "पहिला होतो तोच बरा," म्हणतो आणि पुन्हा पोटभर खाऊ लागतो. वजन परत येते. रक्तातली साखर चढते. गुडघे पुन्हा कुरकुरतात.

आमच्या मुळशी तालुक्यात आम्ही असे अनेकदा होताना पाहिले आहे. म्हणून हा धडा. वजन उतरताना अंगात काय काय होते, कातडी का लोंबते, कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, ते यात सांगतो.

आमच्या लहानपणी आपल्या भागात वजन कमी करा असे फारसे कोणाला सांगावे लागत नव्हते. खाचरात चिखलणी होती, लावणी होती. डोक्यावर भारा होता. पौडला जायचे तर पायी. आता पिरंगुटला कारखाने आहेत. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आहेत, आणि हिंजवडी आपल्याच तालुक्यात येते. पुष्कळांच्या जमिनी गेल्या, दारात मोटारसायकल आली. ताटातला भात तेवढाच राहिला, श्रम मात्र गेले. शिवाय वडापाव आला, दिवसाला चार वेळा गोड चहा आला. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर घरोघरी आरोग्याची पाहणी केली. तेव्हा महाराष्ट्रातल्या चार बायांमागे जवळजवळ एकीचे वजन जास्त निघाले. त्याच पाहणीत पाचांमागे सुमारे एक बाई फार बारीकही निघाली. तेव्हा वजन उतरवणे हे सगळ्यांचे काम नाही.

तुमचे काम आहे का ते घरीच बघता येते. एक सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत आपल्या उंचीएवढी तोडा. तिची बरोबर मधे घडी घाला. ही दुहेरी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा. पोट आत ओढायचे नाही, फसवणूक आपलीच होते. दोन्ही टोके एकमेकांना लागली तर ठीक. लागली नाहीत तर पोटावर चरबी जास्त आहे. डॉक्टर टेपने मोजतात. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे ते सांगतात. पोटुशी बाईने हे मोजायचे नाही.

आता पहिला प्रश्न. चरबी जाते कुठे? कोणी म्हणतो घामातून जाते. कोणी म्हणतो वितळून शौचावाटे पडते. दोन्ही खरे नाही. चुलीत लाकूड जळते, धूर वर जातो आणि चिमूटभर राख उरते. अंगातली चरबीही तशीच हळूहळू जळते. तिचा वायू होतो आणि थोडे पाणी होते. दहा किलो चरबी गेली तर त्यातली आठ किलोंहून जास्त नाकातोंडातून, श्वासावाटे बाहेर जाते. बाकीची पाणी होऊन लघवीतून आणि घामातून जाते. म्हणून प्लास्टिकचा कागद पोटाला गुंडाळून घाम काढणाऱ्याची चरबी जात नाही, नुसते पाणी जाते. तांब्याभर पाणी प्यायला की वजन होते तिथेच!

चरबी कातडीच्या खाली बारीक बारीक पिशव्यांत साठलेली असते. या पिशव्या इतक्या लहान असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. वजन उतरले की त्या फुटत नाहीत, रिकाम्या होऊन आकसतात. पोटात, आतड्यांच्या भोवतीही चरबी असते. ती गेली की सदरा ढिला होतो.

आणि कातडी? कातडी हे नुसते पांघरूण नव्हे. ते जिवंत अंग आहे. वरचा पापुद्रा पातळ असतो. तो सारखा झडतो आणि नवा येतो. त्याच्या खाली जाड थर असतो. त्या थरात दोन प्रकारचे धागे विणलेले असतात. एक धागा मजबुती देतो. दुसरा ताणला जातो आणि सोडला की परत येतो, लेंग्याच्या इलॅस्टिकसारखा. इलॅस्टिक थोडा वेळ ताणले तर पूर्ववत होते. वर्षानुवर्षे ताणून ठेवले तर सैल पडते, आतले धागे तुटतात. कातडीचे तसेच होते. पंधरा-वीस वर्षे पोट मोठे राहिले, तर त्या पोटापुरती कातडी वाढते आणि तिचे धागे थकतात. मग आतली चरबी सहा महिन्यांत गेली तरी कातडी तेवढ्या वेळात आटत नाही. ती मागे राहते.

हे बायाबापड्यांना वेगळे सांगायला नको. पोटुशी बाईचे पोट नऊ महिने ताणते. बाळंत झाल्यावर पिशवी सहा आठवड्यांत पहिल्यासारखी होते. पोटाची कातडी मात्र कित्येक महिने ढिली असते. त्यावर पांढरट वण राहतात, तेही त्या तुटलेल्या धाग्यांचेच. पण कोणी बाळंतिणीला म्हणते का, की तुला रोग झाला? मग वजन उतरवलेल्या माणसालाही तसे म्हणू नये. बाळंतिणीचे पोट बांधतात. त्याने कंबरेला आधार मिळतो, बरे वाटते. कातडी त्याने आवळत नाही.

इलॅस्टिक आणि कातडी यांत एक फरक आहे. इलॅस्टिक मेलेले असते. कातडी जिवंत आहे, ती स्वतःला सावकाश दुरुस्त करते. वजन एका जागी थांबल्यानंतर वर्ष-दीड वर्ष तिचे आटणे चालू राहते. किती आटेल ते माणसागणिक वेगळे. वय कमी असेल तर जास्त आटते. दहा किलो उतरले असतील तर पुष्कळदा कळतही नाही, चाळीस किलो उतरले असतील तर काही कातडी उरतेच. वजन किती वर्षे होते, त्यावरही आहे. उन्हात रापलेली कातडी लवकर ढिली पडते. विडी ओढणाऱ्याची त्याहून लवकर, कारण तंबाखूचा धूर ते धागे आतून खातो. विडी सोडायला आणखी किती कारणे हवीत?

तेल चोळून, मलम लावून, पट्टा आवळून कातडी घट्ट होते असे जाहिराती सांगतात. तेलाने कातडी मऊ राहते, खाज कमी होते. एवढेच. हजार रुपयांची डबी घेण्यापेक्षा त्या पैशांत दोन महिने घरात अंडी येतील, आणि त्यांचा उपयोग जास्त होईल.

तो कसा, ते सांगतो. कातडीच्या खाली चरबी, आणि चरबीच्या खाली मांस, म्हणजे स्नायू. तालमीतल्या पोराच्या दंडावर कातडी लोंबत नाही, कारण खाली मांस भरलेले असते. जो नुसता उपाशी राहून वजन उतरवतो, त्याची चरबी जाते आणि मांसही जाते. मग कातडी जास्तच लोंबते आणि अंगात ताकद राहत नाही. म्हणून डाळ, मटकी, हरभरा, शेंगदाणे, अंडी, मासळी यांतले काहीतरी रोजच्या जेवणात हवे. कमी करायचे ते साखर, तळण आणि भाताचा दुसरा-तिसरा वाढा. आपला आंबेमोहर सोडायला कोणी सांगत नाही, वाटीने मोजून खा. आणि चालण्याबरोबर जोर लागेल असे काम करा. उठाबशा काढा, भिंतीला हात टेकून जोर मारा, पाण्याची कळशी उचला.

एक परीक्षा लक्षात ठेवा. दंडाची कातडी लोंबते आहे, पण भरलेला हंडा पूर्वीसारखा उचलता येतो आणि जमिनीवरून हात न टेकता उठता येते, तर काळजी नाही. हंडा उचलवत नाही, जिना चढताना पाय लटपटतात, तर मांस गेले आहे. उतरण्याचा वेग कमी करा. महिन्याला दोन ते चार किलो, याहून घाई नको. फार घाईने उतरणाऱ्याला पित्ताचे खडेही होतात.

महाराष्ट्रात वजन उतरवण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. आपल्या पुणे जिल्ह्यातच उरुळी कांचनला महात्मा गांधींनी 1946 साली निसर्गोपचार आश्रम सुरू केला. पुढे मणिभाई देसाईंनी तो वाढवला. तिथे आजही लोक वजनासाठी जाऊन राहतात. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत गावोगाव सांगितली. तिच्यावर वादही झाले. कोणती पद्धत चांगली हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. वजन उतरले की तीच गोळी जास्त होते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, दरदरून घाम सुटतो. गोळी डॉक्टरांकडून कमी करून घ्यायची, आपल्या मनाने सोडायची नाही.

आणखीही काही बदल होतात. अंगठी सैल होते, बांगड्या कोपरापर्यंत जातात. थंडी जास्त वाजते, कारण चरबीची गोधडी पातळ झालेली असते. भराभर वजन उतरले तर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात. बाया याने फार घाबरतात. जेवण नीट असेल तर सहा-आठ महिन्यांत केस परत येतात.

मग भ्यायचे कशाला? न उतरवता उतरलेल्या वजनाला. आम्हाला या धड्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जेवण तेच, काम तेच, आणि तरी साठ किलोंच्या माणसाचे सहा महिन्यांत तीन किलो गेले, तर त्याला शाबासकी देऊ नका, दवाखान्यात न्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम, आणि वजन उतरते आहे, तर क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. औषध चालू असेपर्यंत खाण्यासाठी सरकार पैसेही देते. नोव्हेंबर 2024 पासून ते महिन्याला 1000 रुपये झाले. सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन उतरते आहे, तर साखर तपासा. थायरॉइड गाठीच्या बिघाडानेही वजन उतरते, कधी कधी कर्करोगानेही. "बारीक झाला, बरे झाले" म्हणून गप्प बसलात तर मोलाचे महिने जातील.

लहान मुलाची गोष्ट तर उलटीच आहे. मोठ्या माणसाची कातडी लोंबली तर आम्ही धीर धरा म्हणतो. दोन वर्षांच्या पोराच्या ढुंगणावर, मांड्यांवर कातडीच्या सुरकुत्या दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. ते पोर उपाशी आहे. अंगणवाडीत ताईंजवळ दंड मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीवर लाल रंग येतो. अशा मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे.

आता उरलेल्या लोंबत्या कातडीची निगा. आपल्याकडे ताम्हिणीच्या बाजूला पाऊस किती पडतो ते तुम्हाला माहीत आहे. अंगावर दिवसभर ओले कपडे. पोटाच्या घडीखाली, छातीखाली, जांघेत ओल राहते आणि नायटा होतो. आंघोळीनंतर घडी उचलून कोरड्या फडक्याने टिपा, चोळू नका. सैल सुती कपडे घाला. नायटा झालाच तर दुकानातून विचारून आणलेले मलम लावू नका. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि मग नायटा दुप्पट पसरतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलेच औषध लावा, आणि खाज गेली तरी ते सांगतील तितके दिवस लावा.

फारच कातडी उरली, घडीत सारख्या जखमा होऊ लागल्या, चालणे अवघड झाले, तर ती कातडी काढायची शस्त्रक्रिया असते. ती मोठ्या इस्पितळात प्लास्टिक सर्जन करतात. वजन बरेच महिने एका जागी टिकले आहे ना, हे ते आधी बघतात. नाहीतर उरलेली कातडी पुन्हा लोंबते किंवा पुन्हा ताणते. शस्त्रक्रियेचा लांब वण कायमचा राहतो. पुढे काही आठवडे जड उचलायचे नसते, वाकायचे नसते, म्हणून लावणीच्या तोंडावर ती ठरवू नये.