वस्तीतलं केंद्र आणि तिथली नोकरी

भारतातली समाजकार्याची पहिली शाळा मुंबईत नागपाड्याच्या एका वस्तीकेंद्रात सुरू झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागो विद्यापीठात शिकलेले गृहस्थ १९२५ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. नागपाडा-भायखळ्याचा भाग तेव्हा कष्टकऱ्यांचा होता. नाना धर्मांची, नाना भाषांची माणसं तिथे एकेका खोलीत दाटीवाटीनं राहत. १९२७ मध्ये तिथे नागपाडा नेबरहूड हाउस उभं राहिलं. मुलांना खेळायला जागा मिळाली, मोठ्यांसाठी वर्ग आणि वाचनाची सोय झाली, व्याख्यानं सुरू झाली. केंद्र चालवता चालवता मॅन्शार्ट यांच्या लक्षात आलं की या कामाला चांगल्या मनाबरोबर शिक्षणही लागतं आणि तसं शिक्षण घेतलेली माणसं देशात मिळत नाहीत. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या पैशातून त्याच इमारतीत वीस विद्यार्थ्यांचा पहिला वर्ग भरला. पुढे १९४४ मध्ये या शाळेचं नाव टाटा समाजविज्ञान संस्था झालं आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

केंद्र आधी आलं आणि त्यात काम करणाऱ्यांची शाळा नंतर. हा क्रम आज मुद्दाम आठवायला हवा. वस्त्यांमधून समाजमंदिरं, सभागृहं, विरंगुळा केंद्रं पुष्कळ बांधली जातात, पण ती चालवणाऱ्या माणसाचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. या क्षेत्रात नोकरी करू पाहणाऱ्यानं तिथली कामं कोणती, त्यांना काय शिक्षण लागतं आणि हातात काय पडतं, हे आधी नीट समजून घ्यावं.

मागचा धागा

नागपाड्याच्या आधीही मुंबईत असं काम होतं. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. लीगनं गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं आणि दवाखाने चालवले. लंडनचं टॉयन्बी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स यांचं शिकागोतलं हल हाउस (१८८९) हे वस्तीतच केंद्र काढण्याच्या विचाराचे परदेशी नमुने. मुंबई सरकारनं १९३९ पासून कामगारांसाठी कल्याण केंद्रं उघडली. १९५३ च्या कायद्यानं त्यासाठी वेगळा निधी आणि वेगळं मंडळ आलं. तेच आजचं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ.

अंगणवाडी

गावात असो की शहराच्या वस्तीत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं सार्वजनिक केंद्र म्हटलं की पहिली अंगणवाडीच आठवते. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, हा विचार ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला प्रत्यक्षात आणला. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली.

इथे सेविका आणि मदतनीस ही दोन पदं असतात. त्यांच्यावर पंचवीसेक अंगणवाड्या पाहणारी पर्यवेक्षिका, म्हणजे मुख्यसेविका, आणि तिच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. सेविका तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. पण तिच्या नोंदवहीत सहा महिन्यांच्या बाळापासून गरोदर आणि स्तनदा मातांपर्यंत सगळे असतात. मुलांची वजन-उंची घेणं, पोषण आहाराचं वाटप, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करणं, गृहभेटी, आणि हे सगळं पोषण ट्रॅकर या ॲपवर भरणं ही तिची कामं. मूल तीव्र कुपोषित निघालं तर त्याच्या आईला दवाखान्यात जायला तयार करण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. त्यात कधी कधी आठवडा जातो, कारण घरातल्या सासूला, नवऱ्याला आणि शेतावरच्या मुकादमालाही समजवावं लागतं.

महाराष्ट्रात २०२३ पासून सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आहे. वय १८ ते ३५, विधवांसाठी ४० पर्यंत. उमेदवार त्याच गावची किंवा भागातली रहिवासी असावी लागते. ही शेवटची अट मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. बाहेरून आलेल्या बाईला ज्या घरात शिरायला वर्ष लागेल, तिथे गावातली बाई आधीपासून येत-जात असते. मदतनिसाला पुढे सेविका होता येतं आणि मुख्यसेविकेच्या काही जागा सेविकांमधूनच भरतात. मार्ग अरुंद आहे, पण आहे.

कामगार कल्याण केंद्र

पगाराच्या चिठ्ठीवर जून आणि डिसेंबरमध्ये कामगार कल्याण निधीची छोटीशी कपात दिसते. कामगार जेवढे देतो त्याच्या तिप्पट मालक भरतो आणि दुप्पट शासन. या पैशावर राज्यभरातली कामगार कल्याण केंद्रं आणि ललित कला भवनं चालतात. शिशुमंदिर, शिवणवर्ग, वाचनालय, अभ्यासिका, व्यायामशाळा हे तिथले नेहमीचे उपक्रम. मंडळाच्या नाट्यस्पर्धेनं तर कारखान्यांतल्या कितीतरी माणसांना रंगमंच दाखवला. दिवसभर यंत्रावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी तालमीला येतो. त्याच्यासाठी हॉल उघडा ठेवणं, दिवे आणि पडदे सांभाळणं हाही या नोकरीचा भाग आहे.

केंद्राची जबाबदारी केंद्र संचालकाकडे असते. शिक्षिका, शिवण शिकवणाऱ्या, ग्रंथालय सांभाळणारे, शिपाई असे बाकीचे लोक. काम बहुतेक दुपारनंतर रंगतं, कारण कामगार आणि त्यांची मुलं तेव्हाच मोकळी होतात. संध्याकाळी घरी असणं ज्यांना आवश्यक आहे, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावं.

महापालिका आणि बचतगट

मोठ्या महापालिकांमध्ये समाजविकास किंवा नागरवस्ती विकास विभाग असतो. समाजविकास अधिकारी आणि समाजसेवक ही तिथली वरची पदं. त्यांच्या हाताखाली वस्तीत फिरणारी समूह संघटिका, सेवा केंद्राची समन्वयक, व्यवसाय मार्गदर्शक आणि शिवण, संगणक, ब्यूटी पार्लर असे वर्ग घेणारे प्रशिक्षक असतात. यांतली बरीच पदं कंत्राटी किंवा मानधनावरची.

ग्रामीण भागात महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे माविमची, लोकसंचालित साधन केंद्रं आहेत. वीसेक गावांतले दीडशे-दोनशे बचतगट मिळून एक केंद्र उभं करतात. व्यवस्थापक, लेखापाल आणि सहयोगिनी हे तिथले पगारी लोक, आणि त्यांना नेमणारी कार्यकारिणी गटांतल्या बायकांचीच. सेवाशुल्कातून केंद्राचा खर्च भागवायचा, अशी अपेक्षा असते. म्हणून इथला लेखापाल महत्त्वाचा. कर्जाची परतफेड, व्याज, गटांची प्रतवारी यांचे आकडे चुकले तर केंद्राचा पायाच हलतो. सहयोगिनीचं काम मात्र पायी किंवा एसटीनं गावोगाव जाण्याचं आहे. गटाची बैठक बायकांच्या सोयीनं, बऱ्याचदा रात्री जेवणं आटोपल्यावर होते.

संघटिकेचा दिवस

पदांची नावं वेगळी असली तरी मूळ काम एकच. समूह संघटिका सकाळी केंद्र उघडते. विधवा निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन आलेली बाई असते. तिच्या आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरं आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिसरं. अर्ज भरणं दहा मिनिटांचं काम, पण ही तीन नावं एक करायला तीन कार्यालयं पालथी घालावी लागतात. मग रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं बंद पडलेलं खातं. दुपारी सर्वेक्षण. संध्याकाळी गटाची बैठक. तिथे हप्ता का थकला हे विचारताना नवऱ्याच्या दारूची आणि मारहाणीची गोष्ट बाहेर येते. ती सगळ्यांसमोर बोलू द्यायची की बाजूला घेऊन ऐकायची, हे त्या क्षणी संघटिकेनं ठरवायचं असतं. रात्री अहवाल आणि वरिष्ठांना पाठवायचे फोटो.

कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणती मुलगी शाळेतून गळण्याच्या बेतात आहे, कोणाचं घर पाण्याच्या रांगेवरून कोणाशी बोलत नाही, ही माहिती कुठल्याही संगणकात नसते. ती कार्यकर्तीच्या डोक्यात साठते आणि साठायला वर्षं लागतात. अकरा महिन्यांच्या करारावर माणूस बदलला की ती सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. नव्या माणसाला वस्ती पुन्हा पहिल्यापासून आपली कहाणी सांगते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगेनाशी होते.

शिक्षण किती लागतं

समाजसेवक, समाजविकास अधिकारी या पदांना बहुधा समाजकार्याची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी मागतात. टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईचं निर्मला निकेतन (१९५५), पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) ही जुनी नावं. नागपूर, अहिल्यानगर आणि इतर जिल्ह्यांतही समाजकार्य महाविद्यालयं आहेत. या अभ्यासक्रमात वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. विद्यार्थ्यानं आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या वस्तीत, इस्पितळात किंवा संस्थेत काम करायचं आणि मार्गदर्शकाला लेखी वृत्तान्त द्यायचा. महाविद्यालय निवडताना क्षेत्रकार्यावर देखरेख कशी असते, हे जरूर विचारा. इमारत आणि वाचनालय त्यानंतर पाहा.

शिवण शिकवायला आयटीआयचा अभ्यासक्रम, वाचनालयासाठी ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र, लेखापालाला वाणिज्य शाखा आणि टॅली, आणि जवळपास सगळीकडे एमएस-सीआयटी. मराठीत स्वच्छ टिपण लिहिता येणं ही पात्रता जाहिरातीत नसते, पण तिच्यावाचून अडतं. बैठकीचं इतिवृत्त धड लिहिलेलं नसलं की गटातली भांडणं वर्षभर मिटत नाहीत.

पैशाची गोष्ट

मार्च २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात अंगणवाडी सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये आणि मदतनिसाचं ४,४२५ वरून ५,५०० रुपये केल्याची घोषणा झाली. तरीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सेविका संपावर गेल्या. २०२४ मध्ये मानधन आणखी वाढलं. शासन याला मानधन म्हणतं, वेतन नव्हे, त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्याचे बाकीचे हक्क लागू होत नाहीत. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल दिला. गुजरातेतल्या एका सेविकेच्या लढ्यातून आलेला हा निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक सेविकेला माहीत असायला हवा.

आता इमारतींकडे पाहा. खासदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला पाच कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. त्यातून सभागृह बांधता येतं, पण ते चालवणाऱ्याचा पगार देता येत नाही, कारण तो आवर्ती खर्च. दलित वस्त्यांच्या विकासाच्या योजनेतूनही समाजमंदिर होतं, तिथला माणूस होत नाही. म्हणून उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि दाराला कुलूप, असं दृश्य गावोगाव दिसतं. बांधकामाच्या मंजुरीबरोबरच निदान एका पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या पगाराची तरतूद सक्तीची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोटभराचं सभागृह बांधायचं आणि त्याची किल्ली कोणाच्या तरी घरी ठेवायची, हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे.

नोकरी घेण्याआधी

नेमणुकीचं पत्र नेमकं कोण देणार, महापालिका, संस्था की मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार, हे पहिलं विचारा. करार किती महिन्यांचा, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, फिरतीचा भत्ता मिळतो का, हे लेखी घ्या. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, ते पाहा. मुलांबरोबर काम असेल तर त्यांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा वाचून ठेवा. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं ही कायद्यानं तुमची जबाबदारी आहे. केंद्राची बदनामी होईल म्हणून कोणी थांबवलं तरी थांबू नका. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या.

शक्य असेल तर अर्ज करण्याआधी त्या केंद्रात एक संध्याकाळ जाऊन बसा. किती माणसं येतात आणि कार्यकर्ती त्यांना नावानं हाक मारते का, हे तासाभरात कळतं.

अंगणवाडीची भरती गाव आणि वस्तीच्या पातळीवर होते. जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, मुदतही थोडीच असते. रहिवासी दाखला आणि बारावीची गुणपत्रिका आधीच तयार ठेवा. आणि नेमणुकीसाठी कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा.