दिवसभर रानात, तरी ड जीवनसत्त्व कमी

ड जीवनसत्त्वाची कमतरता शहरात सावलीत बसणाऱ्या बायकांना होते, रानात राबणाऱ्या गरोदर बाईला नाही, हा समज जुन्नर-आंबेगावच्या गावांत पक्का बसलेला आहे. तो चुकीचा आहे. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडणारी किंवा मंचरकडे कांदे काढणारी बाई उन्हात असते खरी, पण तिच्या अंगावर साडी, साडीवर लांब बाह्यांचा सदरा आणि डोक्या-तोंडाला फडका असतो. कातडीत हे जीवनसत्त्व तयार करणारी अतिनील-ब किरणे कापडातून फारशी जात नाहीत. सावळ्या कातडीतले मेलॅनिनही त्यातली बरीच शोषून घेते. शिवाय ही किरणे पुरेशी मिळतात ती सूर्य वर आल्यावर, सावली अंगापेक्षा आखूड असते तेव्हा. उन्हाळ्यात नेमकी त्याच वेळी माणसे काम थांबवून झाडाखाली येतात. भीमाशंकर-नाणेघाटाच्या पट्ट्यात तर पावसाळाभर आभाळ भरलेले असते आणि भातलावणी इरल्याखाली किंवा प्लॅस्टिकच्या कागदाखाली चालते. हे सगळे रोज डोळ्यांसमोर असूनही ‘तिला उन्हाची काय कमी?’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. शंका असेल त्याने लखनौचा २००५ सालचा अभ्यास पाहावा. त्यात २०७ गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ८४ टक्के जणींच्या रक्तात हे जीवनसत्त्व मिलिलिटरला २२.५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी निघाले, आणि शहरी व ग्रामीण स्त्रियांत जवळजवळ काहीच फरक नव्हता.

गरोदरपणात त्याचे काम हाडांपुरते राहत नाही. बाळाची निम्मी जनुके वडिलांची, म्हणजे आईच्या प्रतिकारयंत्रणेला परकी. तिने बाळावर हल्ला करू नये आणि जंतूंशी लढणेही सोडू नये, हा तोल नऊ महिने सांभाळावा लागतो. आईच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप या काळात दुपटीहून अधिक होते. गर्भाशयाचे अस्तर आणि वारही ते स्वतः तयार करतात. टी-पेशींवर त्याचा परिणाम झाला की दाह वाढवणारे रासायनिक निरोप कमी होतात आणि आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींना बळ मिळते. त्याच वेळी भक्षक पेशी कॅथेलिसिडिन हे जंतुनाशक प्रथिन जास्त बनवतात. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी गोळी’ हे वर्णन दिशाभूल करते. इथे वाढवण्याइतकेच आवरण्याचेही काम आहे. यातले बरेचसे ज्ञान प्रयोगशाळेतल्या पेशींवरून आणि प्राण्यांवरून आलेले आहे, हेही सांगायलाच हवे. कमी पातळी आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला, पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येही सरसकट प्रत्येक गरोदर स्त्रीला ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस केलेली नाही.

बाकीचे समज थोडक्यात. सकाळचे कोवळे ऊन सुखाचे असते, पण त्यात अतिनील-ब किरणे फार थोडी. खिडकीच्या काचेतून ती जवळजवळ येतच नाहीत. गाई-म्हशीच्या दुधात कॅल्शियम भरपूर असते, ड जीवनसत्त्व मात्र मुळात नगण्य. जास्त मात्रेने जास्त फायदा होत नाही. अतिरेकाने रक्तातले कॅल्शियम धोकादायक वाढते, त्यामुळे मोठ्या मात्रेची पाकिटे आणि इंजेक्शने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. गोळ्यांनी बाळ मोठे होऊन बाळंतपण अडते, यालाही आधार नाही. सरकारी योजनेतल्या कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमसोबत ड जीवनसत्त्वाची २५० एककेही असतात. चौदाव्या आठवड्यापासून ती दिवसातून दोनदा जेवणानंतर घ्यायची, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवायचे, कारण कॅल्शियममुळे लोह नीट शोषले जात नाही.