ईमेल मार्केटिंगचा प्लॅटफॉर्म कसा निवडायचा? लातूरची डाळ, नांदेडचा ब्लॉग आणि माझ्या दोन चुका

२०२४ च्या दिवाळीआधी मी लातूरला घरी गेलो होतो. मामांची छोटी डाळ मिल आहे. घाऊक माल आडतीतूनच जातो, पण पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली बरीच लातूरकर मंडळी त्यांच्याकडून थेट तूरडाळ, हरभरा डाळ मागवतात. वेबसाइटवरच्या ऑर्डरींमधून अशा नऊशेक गिऱ्हाइकांचे ईमेल जमले होते. मामा म्हणाले, "तू इंजिनिअर हायस ना, या सगळ्यांना दिवाळीचा एक मेल टाकून दे."

मी तासाभरात एका प्लॅटफॉर्मवर मोफत अकाउंट उघडलं, पणत्यांचं छान टेम्प्लेट निवडलं, पाठवणाऱ्याच्या जागी मामांचा जीमेलचा पत्ता टाकला आणि मेल सोडून दिला. प्लॅटफॉर्मवर हिरव्या अक्षरांत 'पोहोचला' असं दिसत होतं. चार दिवसांनी मामांचा फोन: "मेल गेला म्हनायलास, मग एक बी ऑर्डर का यायली नाही?"

मी माझंच जीमेल उघडून बघितलं. मामांचा मेल स्पॅममध्ये पडला होता.

'पोहोचला' म्हणजे नक्की कुठे?

'पोहोचला' याचा अर्थ एवढाच की समोरच्या सर्व्हरने मेल नाकारला नाही. तो इनबॉक्समध्ये ठेवायचा की स्पॅममध्ये, हे तो सर्व्हर नंतर ठरवतो. मामांच्या मेलवर पाठवणारा म्हणून जीमेलचा पत्ता होता, पण तो निघाला होता भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवरून. गुगलच्या नजरेत हे दुसऱ्याच्या नावाने पत्र टाकण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी यावरचे नियम कडक केले. जीमेलवाल्यांना दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी लागतातच. आपण नऊशेवाले असलो तरी यातली निदान एक लागतेच, आणि मी सांगेन की तिन्ही करून टाका.

नावं अवघड आहेत, काम सोपं आहे. मोंढ्यात माल पाठवतोय असं समजा. एसपीएफ म्हणजे आपला माल कोणकोणत्या टेम्पोतून येऊ शकतो याची गेटवर दिलेली यादी. डीकेआयएम म्हणजे पोत्याच्या तोंडाला लावलेलं आपलं सील, वाटेत कुणी पोतं उघडलं की लगेच कळतं. आणि डीमार्क म्हणजे गेटवाल्याला दिलेली सूचना: टेम्पो यादीतला नसेल आणि सीलही जुळत नसेल, तर माल बाजूला ठेवा किंवा परत पाठवा. या तिन्ही नोंदी तुमच्या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टाकायच्या असतात. प्लॅटफॉर्म त्या ओळी तयार करून देतो, आपण फक्त कॉपी-पेस्ट करायचं.

थोडक्यात, जीमेलच्या पत्त्यावरून हे जमत नाही. स्वतःचं डोमेन लागतं. मामांकडे डोमेन होतं, पण वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने ते स्वतःच्या नावावर घेतलेलं! तो मुलगा आता हैदराबादला. त्याला शोधून डोमेन मामांच्या नावावर करून घेण्यात तीन आठवडे गेले, आणि दिवाळी तेवढ्यात होऊन गेली. म्हणून प्लॅटफॉर्मची तुलना करत बसण्याआधी तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, ते आजच बघून घ्या.

दुसरी चूक नांदेडची

नांदेडला इंजिनिअरिंग करताना माझा जो रूममेट होता, तो आता तिथेच स्पर्धा परीक्षांचा ब्लॉग चालवतो. दर रविवारी चालू घडामोडींचा मेल पाठवतो. स्वतःहून नाव नोंदवलेले चौदाशे वाचक त्याने दोन वर्षांत जमवले होते. मग ओळखीच्या एका क्लासच्या प्रवेश रजिस्टरमधून सहाशे पत्ते मिळाले. त्याने मला विचारलं, टाकू का यादीत? मी म्हणालो, टाक की, सगळे परीक्षेचीच पोरं आहेत.

त्या सहाशेंपैकी काहींनी 'हा कोण?' म्हणत स्पॅमचं बटण दाबलं. गुगलचं सांगणं असं आहे की तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ टक्क्यांपर्यंत कधीच जाऊ देऊ नका. ०.३ टक्के म्हणजे हजार मेलमागे फक्त तीन माणसं! छोट्या यादीत तीन माणसं चिडायला वेळ लागत नाही. प्लॅटफॉर्मने अकाउंट बंद केलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण एकाच सर्व्हरवरून हजारो लोकांचे मेल जातात, आणि एकामुळे सगळ्यांचं नाव खराब होतं. पण यादी आतच अडकली. त्याच्याकडे पाच महिन्यांपूर्वी डाउनलोड केलेली एक फाइल होती, तेवढीच वाचली. मधल्या काळात आलेले वाचक गेले ते गेलेच.

त्यामुळे आता मी कुठलाही प्लॅटफॉर्म बघताना आधी दोन गोष्टी तपासतो. एक, सगळी यादी, कोण कधी आला आणि कोण बाहेर पडला यासकट, एका क्लिकवर डाउनलोड होते का. दोन, नाव नोंदवल्यावर 'खरंच हवंय का' असा पुष्टीचा मेल आपोआप जातो का. याने यादी जरा हळू वाढते, पण त्यात चुकीचे पत्ते आणि नको असलेले लोक राहत नाहीत. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा भरही संमतीवरच आहे, त्यामुळे रजिस्टरमधून पत्ते उचलायची सवय सोडलेलीच बरी.

पैसे कशाचे मोजता?

बहुतेक जण मोफत प्लॅनचे आकडे बघून ठरवतात. ते आकडे बदलत असतात. मेलचिंपचा मोफत प्लॅन एकेकाळी २,००० संपर्कांपर्यंत होता, तो पुढे ५०० वर आणला गेला. बघायचं ते हे की कंपनी पैसे संपर्कांवर लावते की पाठवलेल्या मेलवर.

मामांचा धंदा हंगामी. नवी तूर आली की एक मेल, दिवाळीआधी बेसनासाठी एक, फार तर मधे आणखी एक. संपर्कांवर दरमहा पैसे घेणारा प्लॅटफॉर्म त्यांच्याकडून गप्प बसलेल्या नऊ महिन्यांचेही पैसे घेणार. त्यात मेलचिंपसारख्या ठिकाणी यादीतून बाहेर पडलेले लोकही मोजले जातात, ते तुम्ही आर्काइव्ह करेपर्यंत. मामांसाठी म्हणून मी ब्रेव्हो निवडलं (पूर्वीचं सेंडिनब्लू). त्यात हिशोब मेलवर आहे आणि मोफत प्लॅनमध्ये दिवसाला ३०० मेल जातात. नऊशे लोक म्हणजे तीन दिवस, घाई कुणाला आहे!

मित्राचं उलटं. त्याचा मेल दर आठवड्याला जातो, म्हणून संपर्कांवर हिशोब करणारा प्लॅन त्याला परवडतो. त्याने चेन्नईच्या झोहोचं कॅम्पेन्स घेतलं, मुख्य कारण रुपयांत बिल. डॉलरमधल्या बिलावर बँकेचा चार्ज लागतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे परदेशी सेवांचं ऑटोपे आपल्या डेबिट कार्डावर बऱ्याचदा अडकतं. पेमेंट अडकलं की रविवारचा मेलही अडकतो.

तांत्रिक हात असेल तर तिसरी वाट आहे: लिस्टमंक. झेरोधाचे तंत्रज्ञान प्रमुख कैलाश नाध यांनी बनवलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि मेल पाठवायला ॲमेझॉन एसईएस जोडलं तर हजार मेलला दहा सेंट पडतात. पण सर्व्हर तुम्हालाच सांभाळायचा. मामांना हे देऊन मी पुण्याला निघून जाणं म्हणजे त्या हैदराबादच्या मुलाचीच पुनरावृत्ती झाली असती.

मराठी मेलची खास डोकेदुखी

इंग्रजी लेखांत हे सापडत नाही म्हणून सांगतो. एक्सेलमधली यादी साध्या सीएसव्हीत सेव्ह केली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. डीटीपीवाल्याकडचा श्रीलिपीतला जुना मजकूर तसाच पेस्ट केला तर कचरा दिसतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. पॅम्फ्लेटचा फोटोच मेल म्हणून पाठवू नका, इमेज बंद असतील तर समोरच्याला कोरा मेल दिसतो. आणि साधारण १०२ केबीच्या वर गेलेला मेल जीमेल मधेच कापतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, त्यात टेम्प्लेटचा पसारा, म्हणून लांब मराठी मेल लवकर कापला जातो. कापला की तळाची 'यादीतून नाव काढा' ही लिंक दिसत नाही, आणि मग माणूस काय दाबतो? स्पॅम.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी तूर आली तेव्हा आम्ही परत मेल पाठवला. यावेळी मिलच्या स्वतःच्या पत्त्यावरून, टेम्प्लेट नाही, एक फोटो आणि पाच ओळी. पहिलीच ओळ: 'तुम्ही आमच्याकडून डाळ घेतली होती, म्हणून हा मेल.' आधी पन्नास जणांना पाठवून बघितला, मग बाकीच्यांना. संध्याकाळपर्यंत अकरा ऑर्डर आल्या. एका काकूंनी उलट मेल केला की मेल नको, फोन करत जा. मामांनी त्यांचा नंबर वहीत उतरवला, यादीतून नाव काढायला लावलं आणि म्हणाले, "ते डोमेनचे पैसे परत कधी भरायचेत, ते त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव."